वाचक विचारतात: ‘कमीत कमी इतके पीस घ्यावेच लागतील’ म्हणतात, काय करू?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मिळून बरेच जण एकाच गोष्टीवर अडकलेले दिसले. माल बाहेरून मागवायचाय, म्हणजे बहुतेकांना चीनमधूनच, पण तिकडचा सप्लायर आधी एमओक्यू सांगतो, म्हणजे एका ऑर्डरला निदान इतका माल घ्यायलाच पाहिजे, आणि तो आकडा ऐकला की आपल्याकडचा छोटा दुकानदार एकतर गप्प बसतो नाहीतर कर्ज काढायला निघतो. दोन्ही नको. पाच प्रश्न घेतलेत, काहींना सविस्तर उत्तर आहे काहींना थोडक्यात.

प्रश्न: ताई, सोलापुरात नवी पेठेत माझं छोटं दुकान आहे, केसांच्या क्लिपा, क्लचर, रबरबँड असलं सगळं, इन्स्टावरून पण विकते. आत्ता माल मुंबईच्या होलसेलवाल्याकडून आणते, एक क्लचर ४२ रुपयाला पडतो, मी ६० ला विकते, महिन्याला दीडशेच्या आसपास जातात. चीनमधल्या इवूच्या एका सप्लायरशी बोलणं झालं, तो १८ रुपये म्हणतोय पण ३००० पीस घ्या आणि एका कलरचे ५०० च्या खाली नाही. कमी पाहिजेत तर ६०० पीस मिक्स कलर देतो, पण २७ रुपयानं. १८ चा रेट ऐकल्यापासून झोप नाही. घेऊ का ३०००? वेळ पडली तर दागिने ठेवीन बँकेत.

उत्तर: दागिने कपाटातच राहू द्या ताई. आधी कागद-पेन घेऊन बसू.

१८ हा तुमचा रेट नाहीये, तो त्याच्या दारातला रेट आहे. तुमच्या दुकानात तो क्लचर येईपर्यंत त्यावर जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी, न्हावा शेवा बंदरात गोदामाचे आणि माल सोडवायच्या डिलिव्हरी ऑर्डरचे चार्जेस, कस्टम एजंटची फी, तिथून सोलापूरपर्यंतचं भाडं हे सगळं चढतं, आणि यातला बराचसा खर्च पीसवर नसतो तर एका खेपेवर असतो, म्हणजे ६०० पीस आणा की ३००० आणा, एजंट कागद तेवढेच करणार आणि फी जवळपास तेवढीच घेणार. जहाजाचं पण तसंच, आपल्यासारख्यांना अख्खा कंटेनर लागत नाही म्हणून दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनर शेअर करायचा, त्याला एलसीएल म्हणतात, आणि त्यात साधारणपणे कमीत कमी एक घनमीटरचे पैसे लावतात, तुमचा माल त्याच्या निम्म्या जागेत बसला तरी.

आता हिशेबापुरते आकडे धरू, खरे आकडे तुम्ही एजंटकडून लेखी घ्या. ६०० पीसची खेप धरा, माल १६,२०० चा आणि वरखर्च २०,००० चा. झाले ३६,२००, म्हणजे एक क्लचर ६० रुपयाच्या वर गेला, आणि तुम्ही विकता ६० ला. हा रस्ता इथंच बंद झाला.

३००० पीस घ्या, माल ५४,००० चा, वरखर्च थोडा वाढून २६,०००. एकूण ८०,०००, म्हणजे पीस पावणेसत्तावीसला पडला. सगळेच्या सगळे ६० ने गेले तर लाखाचा फायदा, मुंबईच्या मालात तेवढ्याच पीसला ५४ हजारच सुटले असते. म्हणजे तुमची झोप उडाली त्याला कारण आहे, मी नाही म्हणत नाही.

पण महिन्याला दीडशे जातात म्हणालात, ३००० संपायला वीस महिने लागतील. क्लचरची फॅशन एवढी टिकते का? ज्या डिझाईनवर आत्ता कॉलेजच्या मुली तुटून पडतायत तेच सहा महिन्यांनी कोणी हातात धरत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. समजा सहा महिन्यांत ९०० गेले आणि उरलेले २१०० तुम्ही १५-१५ रुपयाला काढून टाकले, तर विक्री ५४,००० अधिक ३१,५०० म्हणजे ८५,५००, त्यातून ८०,००० वजा, हातात साडेपाच हजार. तेच ९०० पीस मुंबईचे विकले असते तर १६,२०० सुटले असते, आणि एका वेळी सहा-सात हजाराच्या वर पैसा अडकला नसता. याच आकड्यांनी मी उलटं करून बघितलं, फॅशन जायच्या आत निदान १३०० पीस पूर्ण भावाने जात असतील तरच चीनचा माल मुंबईला मागे टाकतो. तुमचा खरा प्रश्न तो आहे, १३०० जातील का. १८ रुपये स्वस्त की महाग यावर विचार करत बसू नका.

मग करायचं काय, तर इवूचा बाजारच मुळात पेटीच्या हिशेबाने चालतो, तिथे हजारो गाळे आहेत आणि वेगवेगळ्या गाळ्यातून एकेक पेटी गोळा करून एकत्र पाठवणारे एजंट आहेत, ते मालावर कमिशन घेतात. तुम्ही एका क्लचरचे ३००० घेण्याऐवजी काळा आणि तपकिरी साधा क्लचर एकेक पेटी, जो कधीच जुना होत नाही, सोबत रबरबँड, यू-पिना, हेअरबँड असं सगळं मिळून एक-दोन घनमीटर भरा. खेपेचा खर्च सगळ्यावर वाटला जातो आणि एकाच डिझाईनमध्ये मान अडकत नाही. फॅशनचा माल मात्र मुंबईहूनच थोडा थोडा आणत राहा, त्या होलसेलवाल्याला तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ना, ते त्याने ३००० पीसची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतल्याचे आहेत, ते वाया जात नाहीत.

आणखी एक, आयात करायची तर आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड, लागतो, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साईटवर ५०० रुपये फी भरून घरबसल्या निघतो, बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा कोड, घेऊन तो कस्टम्सकडे नोंदवायचा. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल आणि एमआरपी हे पाहिजेच, ते लेबल तिकडूनच लावून मागवा, पोर्टवर माल अडकला की रोजचं गोदामभाडं चढतं.

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल बनवतो. माझा प्रश्न उलटा आहे. दुबईच्या एका हॉटेलवाल्याची इन्क्वायरी आलीय, ३०० टॉवेल पाहिजेत, आकाशी कलर, हॉटेलचं नाव विणलेलं. एवढ्याशा ऑर्डरला लूम बांधायचा म्हणजे परवडत नाही, पण नाही म्हणायला जीव होत नाही. काय कळवू?

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न छापायचं खास कारण आहे, नवी पेठेतल्या ताईंनी आणि खालच्या बटणवाल्या दादांनी तो नीट वाचावा. तिकडच्या सप्लायरच्या डोक्यात काय चालतं ते आपल्याच गावातल्या लूमवर उभं राहून दिसतं.

टेरी टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, लागतात, एक खालच्या विणीचा आणि एक लूपचा. नवीन कलर म्हणजे आधी सूत रंगवायचं, आणि रंगाचं मशीन ठरावीक वजनाचा लॉट घेतं, ३०० टॉवेलपुरतं सूत टाकलं तरी पाणी, वाफ, केमिकल, माणूस सगळं जवळपास अख्ख्या लॉटचंच लागतं. मग वार्पिंग, म्हणजे ते सूत बीमवर गुंडाळायचं, मग बीम चढवायचा, टोकाला टोक जोडायचं, नाव विणायचं तर लूमवरच्या नक्षी काढणाऱ्या जेकार्डला डिझाईन घालायचं, आणि तेवढा वेळ लूम बंद. चालू झाला की ३०० पीस बघता बघता निघतात आणि परत बीम उतरवायचा. म्हणजे तुमचा खर्च ३०० टॉवेल विणण्यात नाही, विणायला लागायच्या आधीच होऊन जातो. एमओक्यूचा आकडा इथूनच येतो, चीन असो की सोलापूर.

त्या हॉटेलवाल्याला नुसतं ‘इतक्या खाली जमत नाही’ असं कळवू नका, तीन भाव कळवा. पहिला, तुमच्या चालू बीमवरचा पांढरा टॉवेल, त्यावर हॉटेलचं नाव एम्ब्रॉयडरीने, यात ३०० पण करता येतात, कारण एम्ब्रॉयडरी तयार टॉवेलवर होते, लूम थांबत नाही. दुसरा, पांढराच पण नाव विणलेलं, याला निदान जितक्या पीसवर तुमचा जेकार्डचा वेळ भरून निघतो तो आकडा. तिसरा, त्याचा आकाशी कलर आणि विणलेलं नाव, याला रंगाचा अख्खा लॉट जितक्या टॉवेलचा होतो तितके. प्रत्येकासमोर कारण एका ओळीत लिहा. गिऱ्हाईक हुशार असेल तर तो स्वतःच पहिला पर्याय उचलतो, कारण हॉटेलात तसंही पांढरा टॉवेल धुवायला सोपा असतो.

त्याला आकाशीच पाहिजे आणि ३०० च पाहिजेत असा हट्ट असेल तर बीम आणि रंगाचा खर्च वेगळ्या ओळीत लावा, टॉवेलच्या भावात मिसळू नका, मिसळलात की त्याला सोलापूरचा टॉवेल महाग वाटतो आणि पुढच्या मोठ्या ऑर्डरला तो तुमच्याकडे विचारायलाच येत नाही. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून बरीच वर्षं झाली, चादरीला पण आहे, हे कोटेशनमध्ये लिहायला लाजू नका. लहान ऑर्डरीनेच बाहेरचं गिऱ्हाईक आपल्याला तपासतं, त्यामुळे ३०० वाल्याला हाकलू नका असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त त्याच्यासाठी लूम फुकट बंद ठेवू नका.

प्रश्न: नीलम नगरला आमचं शिलाईचं युनिट आहे, शाळेचे युनिफॉर्म आणि ब्लेझर करतो. एका शाळेला ब्लेझरवर त्यांच्या बोधचिन्हाची मेटलची बटणं पाहिजेत, २००० लागतील. चीनचा सप्लायर १०,००० च्या खाली येतच नाही. भाव करून करून थकलो.

उत्तर: भाव करू नका, कारण विचारा. ‘हे १०,००० कशामुळे आहेत, साच्यामुळे, प्लेटिंगमुळे की पॅकिंगमुळे?’ एवढंच लिहा. हा प्रश्न आला की समोरच्याला कळतं माणूस धंद्यातला आहे आणि तो खरं उत्तर देतो, निदान बरेच जण देतात.

साच्यामुळे असेल तर सांगा साच्याचे पैसे वेगळे घ्या, मी एकदाच देतो, पण इन्व्हॉइसवर लिहून द्या की साचा माझा आहे आणि माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याला त्यातून बटण काढणार नाही. मग दर वर्षी नवीन मुलं येतात तेव्हा नुसता बटणाचा भाव लागतो. प्लेटिंगमुळे असेल तर मुलामा एका टाकीत एका वेळी मोठा घाणा काढून देतात, तुमच्या २००० साठी वेगळी शेड कोणी लावणार नाही, तेव्हा त्याच्याकडे आत्ता कुठली शेड चालू आहे ते विचारा आणि तीच घ्या, शाळेला जुना सोनेरी आणि चकचकीत सोनेरी यातला फरक समजावून सांगता येतो. पॅकिंगमुळे असेल तर साध्या पिशवीत घाला म्हणा, विषय संपला.

तरी नाहीच जमलं तर पुढच्या काही वर्षांची ऑर्डर एकदम कबूल करायची आणि माल दोन-तीन हप्त्यांत उचलायचा असं पण करता येतं, अर्थात शाळेकडून तुम्हाला तेवढ्या वर्षांची लेखी हमी असेल तरच, नाहीतर दुसऱ्याच वर्षी ट्रस्टी बदलले की बोधचिन्ह बदलतं आणि ८००० बटणं तुमच्या पोटमाळ्यावर.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, ही गोष्ट एकट्याने करायची नाहीच. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कितीतरी आहेत, आपल्याच कारखानदारांनी मिळून युनिफॉर्मचं प्रदर्शन भरवून बाहेरचे खरेदीदार इथपर्यंत आणून दाखवले, मग चेन, हुक, अस्तर, साधी बटणं हे चार-पाच युनिटांनी मिळून मागवायला काय हरकत आहे? आयात एकाच्या नावाने, बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद, त्याच्याच जीएसटीवर, आणि तो बाकीच्यांना रीतसर जीएसटी बिल करून माल देणार. आयातीवर भरलेल्या जीएसटीचं, म्हणजे आयजीएसटीचं, क्रेडिट मिळतं पण ते मिळेपर्यंत पैसा त्याचा अडकतो, तेव्हा बाकीच्यांनी आपापला हिस्सा आधी द्यायचा. कोणाचे किती, तुटफूट कोणाची, एखाद्याने ऐनवेळी अंग काढलं तर काय, हे एका कागदावर लिहून सह्या. चहाच्या टपरीवरच्या शब्दावर भागीदारीतली आयात करू नका.

प्रश्न: गड्ड्याच्या जत्रेत दर वर्षी खेळण्यांचा स्टॉल लावतो. थेट चीनहून थोडा माल मागवला तर?

उत्तर: नको मामा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा आहे, आयात केलेल्या पण, आणि ते लायसन तिकडच्या कारखान्याने घेतलेलं असावं लागतं. तुम्ही दोन पेट्या मागवता म्हणून कोणी सवलत देत नाही, माल पोर्टवरच अडकतो. शिवाय खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० वर नेली. इथे एमओक्यू हा मुद्दाच उरत नाही. शिक्का असलेला देशी माल घ्या, जानेवारीच्या जत्रेसाठी दिवाळीनंतर लगेच बुकिंग करा. हेच मोबाईल चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब मागवायच्या विचारात असलेल्यांनाही लागू, त्यांनाही बीआयएसची नोंदणी लागते, आधी ते बघा मग सप्लायरशी बोला.

प्रश्न: जुळे सोलापूर. शिवणकामाच्या कात्र्या आणि टेप मागवतोय. सप्लायर ५००० पीसवरून २००० वर यायला तयार झाला पण म्हणतो सगळे पैसे आधी टाका, आणि बिल निम्म्याचं बनवून देतो म्हणजे ड्युटी वाचेल. घाई करा म्हणतोय. करू का?

उत्तर: तो खाली आला हे चांगलं झालं, बाकीच्या दोन्ही गोष्टी नाकारा.

निम्म्याचं बिल तर अजिबात नाही. कस्टम्सकडे तशाच मालाच्या इतरांच्या किमती असतात, कमी किंमत दिसली की ते किंमत वाढवून धरतात, वर दंड लावतात, माल जप्त पण होऊ शकतो, आणि बिल निम्म्याचं असताना बँकेतून पूर्ण पैसे कसे पाठवणार तुम्ही? मग उरलेले आडमार्गाने द्यावे लागतात, आणि माल खराब निघाला तर कागदावर तुमचे निम्मेच पैसे गेलेले असतात, भांडणार कशावर.

पैशाचं म्हणाल तर नेहमीची पद्धत ३० टक्के आधी आणि ७० टक्के माल जहाजावर चढल्यावर, बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीची, कॉपी बघून. ऑर्डर लहान असली की सप्लायर सगळे आधी मागतात हे खरं आहे, त्याला वाटतं एवढ्याशासाठी कोण पाठपुरावा करत बसेल. तुम्ही सांगा की ५० टक्के आधी देतो, उरलेले माल तयार झाल्यावर तपासणीनंतर. तिकडे पैसे घेऊन माल तपासणाऱ्या एजन्सी असतात, दिवसाच्या हिशेबाने फी घेतात, त्यांचा एक माणूस फॅक्टरीत जाऊन पेट्या उघडून, फोटो काढून रिपोर्ट देतो. २००० कात्र्यांना ती फी जड जाईल पण पहिल्या ऑर्डरला द्याच, कारण सँपल हे नेहमी हाताने निवडून पाठवलेलं असतं आणि खरा माल मशीनमधून येईल तसा येतो. एक सँपल सही करून त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या वेळच्या कच्च्या बिलात, लिहून घ्या की धातू कुठला, जाडी किती, पीस कमी-जास्त झाले तर किती टक्क्यांपर्यंत चालेल. हे नाही लिहिलं तर ५ टक्के माल कमी येतो आणि तो म्हणतो आमच्याकडे असंच असतं.

कमी केलेल्या एमओक्यूमध्ये काय काय काढून घेतलंय ते पण विचारा. बऱ्याचदा पीस कमी करतात पण मग आधीचाच उरलेला स्टॉक देतात, किंवा पॅकिंग पातळ करतात, किंवा तुमची ऑर्डर मोठ्या गिऱ्हाईकाच्या मागे टाकून दोन महिने लोळवतात. तारीख लिहून घ्या. बँकेचा अकाऊंट नंबर ऐनवेळी बदलल्याचा मेल आला तर आधी फोनवर, व्हिडिओ कॉलवर त्या माणसाला बघून खात्री करा, मधल्या मध्ये मेल हॅक करून पैसे पळवणारे भरपूर झालेत.

आणि घाई कसली आहे ते महिना बघून ठरवा. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष येतं, आठवडा-दोन आठवडे आधीपासूनच कामगार गावाला निघतात आणि फॅक्टरी परत नीट चालू व्हायला महिना जातो, त्या आधीच्या दिवसांत लहान ऑर्डर घाईघाईत उरकतात आणि खराब माल तेव्हाच जास्त निघतो. तुमची ऑर्डर डिसेंबरात अडकत असेल तर मार्चवर ढकला, शाळा सुरू व्हायच्या सीझनला जूनपर्यंत माल आरामात सोलापुरात येतो.